बबनभाऊंची तीन पावलं

बबनभाऊंनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि आधी नाकाला लावलं. मग कानाशी नेऊन त्याला टिचकी मारली. मग कोपरा अंगठ्याने किंचित वाकवून सोडला, तो सरळ होतो का ते पाहिलं. या तिन्ही परीक्षा झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्यो कसला खेळ म्हनायचा?"

माझं वडगावला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कचेरीला सुट्टी म्हणजे मलाही सुट्टी, म्हणून रविवारी अर्धं शटर ओढून आम्ही तिघं आत 'गडमाळ' खेळत बसायचो. पुण्यातल्या काही हौशी मंडळींनी काढलेला हा कार्डांचा खेळ. त्यात गड असतात, जादूगार असतात, ढग खाऊन जगणारा एक अजस्र प्राणी असतो आणि दर काही महिन्यांनी नवी कार्डं निघतात, त्यांच्याबरोबर कथा पुढे सरकते. आम्ही खेळायचो कमी आणि भांडायचो जास्त. मिनल तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती, त्यामुळे कार्डावरच्या चुका तिच्या डोळ्यांतून सुटायच्या नाहीत. ओंकार लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरवर बसायचा आणि कथेत कोणी मरायला हवं याची यादी खिशात बाळगायचा. बबनभाऊ त्या दिवशी सोमवारच्या कचेरीच्या कामासाठी रविवारीच झेरॉक्स काढायला आले होते. आदल्या दिवशी कागद तयार ठेवणाऱ्यांपैकी ते होते. झेरॉक्स झाली, पण भाऊ काही उठले नाहीत, आणि पुढची चार वर्षं ते आमच्या टेबलावरच होते.

भाऊ कार्ल्याचे. घरी भाताची थोडी शेती, पण सगळी उमर लोणावळ्याच्या एका छापखान्यात गेलेली. तिथे चिक्कीचे बॉक्स छापायचे. अर्ध्या लोणावळ्यातल्या चिक्कीच्या बॉक्सवरचा लाल रंग आपल्या हाताखालून गेलाय असं ते सांगत, आणि त्यात बढाई किती हे तपासायची आमच्यात कोणाची प्राज्ञा नव्हती. छपाईबद्दल त्यांचा एकच कायदा होता. "गिऱ्हाईक गाडीतनं उतारत न्हाई," ते म्हणायचे. "काच खाली करून बगतंय. तीन पावलांवरनं नाव वाचता आलं पायजे. न्हाईतर गाडी फुडच्या दुकानाला जाती." हा कायदा ते गडमाळच्या कार्डांना लावायचे. कार्ड टेबलाच्या कडेला उभं करून तीन पावलं मागे जायचे, म्हणजे थेट शटरबाहेर रस्त्यावर, आणि तिथून मोठ्याने वाचायचे. येणारे-जाणारे बघत राहायचे. जे वाचता यायचं नाही ते कार्ड भाऊंच्या लेखी नापास.

कथेतही त्यांची अशीच तपासणी चाले. एकदा नव्या कार्डांत एक भव्य गड आला. बुरूज सोन्याचे, भोवती उडते कोल्हे पहाऱ्याला, बचावाचे गुण नऊ. ओंकार हरखून गेला. भाऊंनी ते चित्र चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "टाकं कुटं हाय?" आम्हाला कळेना. मग त्यांनी समजावलं की लहानपणी ते लोहगड-विसापूरच्या अंगाला गुरं घेऊन जायचे, गडावर पहिल्यांदा पाण्याचं टाकं बघायचे. "पानी न्हाई त्यो गड कसला? आट दिसांत सोन्याचं बुरूज सोडून खाली येतील. चार गुन द्या." ओंकार म्हणाला, जादूचा गड आहे, जादूने पाणी येईल. भाऊ म्हणाले, मग तसं कार्डावर लिहा. तासभर वाद झाला आणि शेवटी आमच्या दुकानापुरता नियम झाला की चित्रात टाकं नसेल तर गडाचे निम्मे गुण कापायचे. तेव्हापासून पुण्याची माणसं आमच्याकडे खेळायला आली की चक्रावून जातात.

मग गडमाळवाल्यांनी नवं रूप काढायचं ठरवलं. काळ्या रंगावर बारीक सोनेरी अक्षरं. नमुन्याची कार्डं त्यांनी खेळणाऱ्या गटांना पाठवली आणि मत मागवलं. त्याबरोबर पुढच्या कथेचा आराखडाही होता: भानजी नावाचा म्हातारा दारवान, त्याला आता नीट दिसत नाही, अदृश्य होण्याची शाल पांघरून फितूर वेशीतून आत येतो आणि भानजी मारला जातो. हे चालेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

मिनलला नवं रूप इतकं आवडलं की ती त्या कार्डांना हात धुऊन शिवायची. भाऊ मात्र दोन्ही बाबतींत अडून बसले. सोनेरी अक्षर काळ्यावर बुडतं, हे एक. आणि दुसरं, भानजी असा मरणार नाही. "शाल पांगारली तर मानूस दिसत न्हाई. पन पाय तर वाजत्यात न्हवं? ज्यानं चाळीस वर्सं येस राखली त्याला पावलावरनं समद्या गावाची वळक असती." ओंकारचं म्हणणं, भानजी मेल्याशिवाय राजकन्या तलवार उचलायची नाही. मत घेतलं. दोन्ही ठिकाणी तिघं एका बाजूला, भाऊ दुसऱ्या. मीही तिघांतच होतो, कारण खरं सांगायचं तर ती काळी कार्डं मलाही फार देखणी वाटली होती. गटाचं मत मीच टाइप केलं. भाऊ म्हणाले, "पाटवा," आणि चहा पिऊन गेले.

त्यानंतर आमच्याकडे सगळे नव्याच कार्डांनी खेळू लागले. भाऊ आता वेळ लावायचे. कार्ड उचललं की बोटात फिरवत बसायचे, आणि तीन पावलं मागे जायचं त्यांनी कधी सोडलं हे आमच्या लक्षातही आलं नाही. उलट ते जिंकायला लागले होते. कुठलं कार्ड कधी टाकायचं हे त्यांना अचूक कळायचं.

मिनलने ते पकडलं. मोजणीसाठी भाऊंचा गठ्ठा तिच्या हातात आला आणि तिच्या बोटाला कडेला काहीतरी लागलं. तिने एकेक कार्ड उजेडात धरलं. प्रत्येकाच्या कडेला पात्याने पाडलेल्या बारीक खाचा होत्या. गडाला एक, जादूला दोन, प्राण्याला तीन. पत्त्यांना खुणा करणं म्हणजे कुठल्याही खेळात सरळ लबाडी. मिनलचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "भाऊ, हे तुम्ही केलंत?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "खाचा मीच पाडल्यात." गठ्ठा तिच्याच हातात सोडून ते उठले, उंबऱ्यावर चप्पल जरा चाचपडत शोधली आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. ओंकारने त्यांच्या जागेवर बॅग ठेवायला सुरुवात केली, त्याचा मला फार राग आला.

तिसऱ्या आठवड्यात मी कार्ल्याला गेलो. भाऊ घराच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी अंगणात पाय टाकला आणि ते मान वर न करता म्हणाले, "शेट, चप्पल नवी घेतली व्हय? पन डावा पाय आजून घासता तुमी." चप्पल त्याच आठवड्यात घेतली होती. मी हसत समोर बसलो, आणि बोलताना पाहिलं तर भाऊ माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी पाहत होते. त्या क्षणी मला भानजी आठवला.

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. वर्षभर चालला होता. मधला भाग गेलेला, कडेचं तेवढं दिसायचं, म्हणून माणूस बघायचा तर बाजूला बघावं लागायचं. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जुन्या कार्डांवरची जाड काळी अक्षरं ते कशीबशी ओळखायचे, नवी सोनेरी अक्षरं आली आणि तेही संपलं. मग त्यांनी छापखान्याची युक्ती काढली. तिथे कागदाच्या थप्पीला शेकडा मोजताना कडेला खूण करतात, ती बोटाने वाचायची सवय त्यांच्या हाताला होतीच; कार्डाची जात बोट सांगायचं, बाकीचं ते चित्राच्या रंगावरून ताडायचे.

मी म्हणालो, "भाऊ, हे त्या दिवशीच सांगितलं असतं तर?"

"सांगून काय?" ते म्हणाले. "मंग तुमी मला पानं वाचून दावनार. माजं पान तुमी वाचल्यावर खेळ कसला ऱ्हायला? लबाड म्हंता तर म्हना. लबाडासंगं मानूस भांडतो तरी. आंधळ्यासंगं कोन भांडत न्हाई."

कोणाला सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं आणि सोमवारी दुपारी मिनलला फोन करून सगळं सांगितलं. शब्द मोडल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मिनलने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

रविवारी ती स्वतः कार्ल्याला जाऊन भाऊंना घेऊन आली. कसं आणलं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. माझ्याकडे मात्र भाऊंनी चांगलं टवकारून पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडे. मिनलने पर्समधून आपला गठ्ठा काढला. हा गठ्ठा घेऊन ती पुण्याच्या स्पर्धेला जाणार होती, त्यातल्या एकाही कार्डाचा कोपरा तिने कधी मऊ होऊ दिला नव्हता. तो तिने भाऊंच्या हातात दिला. "भाऊ, खाचा बरोबर पडल्यात का बघा."

भाऊंनी अंगठा कडेवरून फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "तिसरी वाकडी गेलीया. पातं बोथट वापारलंस."

मिनल म्हणाली की पातं नवं होतं. भाऊ म्हणाले, मग हात बोथट. दोघांची जुंपली आणि ओंकारने गुपचूप आपली बॅग खुर्चीवरून उचलली. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी आपापल्या गठ्ठ्यांना खाचा पाडल्या. आता प्रत्येकाला स्वतःचं पुढचं कार्ड काय जातीचं आहे ते बोटाला आधीच कळतं, तेव्हा आमचा गडमाळ हा मूळ खेळ राहिलेलाच नाही. मिनलला त्या गठ्ठ्याने स्पर्धेत उतरता येणार नव्हतं. तिने नवा जमवला नाही.

गडमाळवाल्यांना आम्ही दुसरं पत्र लिहिलं. भाऊंनी सांगितलं, मी टाइप केलं. आजाराचा उल्लेख करायचा नाही ही त्यांची अट. पत्रात फक्त दोन गोष्टी होत्या, भानजीला पावलं ऐकू येतात आणि अक्षर तीन पावलांवरून वाचता आलं पाहिजे. खाली चौघांच्या सह्या. भाऊंचं बोट मिनलने सहीच्या जागेवर टेकवलं.

सात-आठ महिन्यांनी नवी कार्डं आली. तोवर भाऊंना पवनानगरला मुलीकडे न्यायचं ठरलं होतं, एकट्याने राहणं आता जमत नव्हतं. त्यांचा आमच्याकडचा तो शेवटचा रविवार. पाकीट मी फोडलं. कथेत भानजी मेलाच होता. ओंकारने हे सांगताना आवाज शक्य तितका पाडला, पण भाऊंनी गडमाळवाल्यांच्या अकलेबद्दल जे म्हणायचं ते म्हटलंच. मग मी पुढचं कार्ड काढलं आणि हातातलं पाकीट खाली ठेवलं. पांढऱ्या पट्टीवर जाड, काळी, ठसठशीत अक्षरं होती.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. कार्ड नाकाला लावलं, कानाशी नेऊन टिचकी मारली, कोपरा वाकवून सोडला. "कागुद बरा लावलाय," म्हणाले. अक्षरावरून अंगठा फिरवला, पण छापलेलं अक्षर बोटाला लागत नाही. मग त्यांनी ते चाचपत टेबलाच्या कडेला उभं केलं.

"मिनल, जा भाईर. तीन पावलं. आन् वाच."

मिनल उठली. शटरखालून बाहेर रस्त्यावर गेली, वळली आणि तिथून वाचायला लागली. पहिला शब्द तिने अगदी हळू वाचला. भाऊंनी मान तिरकी केली, कडेने तिला पाहत. "मोट्यानं. गाडी चालली फुडं."

तिने मोठ्याने वाचलं. नाव, गुण, खालची बारीक ओळसुद्धा, एकही शब्द न अडखळता. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

"वाचलंस न्हवं?" भाऊ म्हणाले. "मंग झालं." आणि आपला गठ्ठा पिसायला लागले.