चुकीच्या दारातून येणारा माणूस

खोटं मी बोललो. मंडळाच्या अध्यक्षांनी बोलायला लावलं हे खरं, पण माइक माझ्या हातात होता आणि कागदावरचं प्रत्येक वाक्य मीच लिहिलं होतं. एका माणसाचं सगळं आयुष्य मी भरल्या सभागृहात पुसून टाकलं आणि वर त्याला शाल पांघरली.

तेव्हा मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचो. चढावरच्या इमारतीत आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे इंग्रज गृहस्थ एकटेच राहायचे. जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे असे. त्यांच्या पाळीला एकदा ते माझ्या डोळ्यांदेखत झाडूसकट पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेले. मी किंचाळत धावलो. ते खाली मांडी घालून बसलेले.

"फार लवकर ओरडलात," ते म्हणाले. "मी खाली पोचेपर्यंत थांबायचं. हशा तिथे असतो."

माझी मुलगी त्यांना 'ओपा' म्हणू लागली. जर्मनमध्ये आजोबा. मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

ओपा इंग्लंडमध्ये फार्सात कामं करायचे. समुद्रकाठच्या गावांतली छोटी नाटकघरं, दर आठवड्याला नवं नाटक. विशीतच टक्कल पडल्यामुळे नायक व्हायचं राहिलं. बहिरा कर्नल, गोंधळलेला पाद्री, ऐन वेळी ट्रे घेऊन येणारा बटलर, अशी कामं वाट्याला आली, आणि बहुतेकांत भर रंगमंचावर विजार सुटायची. "तरुणपणी मी साठीचे म्हातारे केले," ते सांगत, "आणि साठीला पोचलो तेव्हा कंपनीवाले म्हणाले, आता तुम्हाला जिन्यावरून पडता येणार नाही." दौऱ्यावरच्या कंपनीत कपडेपट सांभाळणाऱ्या स्टुटगार्टच्याच एका बाईशी त्यांनी लग्न केलं आणि म्हातारपणी तिच्या गावी राहायला आले. ती गेल्यावरही तिथेच राहिले.

गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने फार्स करायचं ठरवलं तेव्हा मी त्यांना तालमीला घेऊन गेलो. मराठीचा एक शब्द कळत नसताना ते कोपऱ्यात बसून आम्हाला थांबवायचे. कपाटात लपणाऱ्या आमच्या नायकाला एकदा म्हणाले, "तुम्ही हसवायला बघताय. कपाटातल्या माणसाला हसू येत नसतं. त्याला आपला संसार मोडेल याची भीती वाटते. ती भीती खरी करा, बाकीचं प्रेक्षक बघतील." मला म्हणाले, "हशा चढत असताना बोलू नका. तो उतरायला लागला की बोला. गेनाऊ! बरोबर तेवढ्यात." रोज संध्याकाळी थकलेले इंजिनिअर त्यांच्या हाताखाली प्लायवूडची दारं आपटायला शिकले. मोबदल्यात त्यांनी एक कप चहाही मागितला नाही.

प्रयोगानंतर त्यांचा सत्कार करायचा असं ठरलं. आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला.

"परिचयात काय लिहिलंयत?"

मी वाचून दाखवलं.

"अहो, बटलर काय, पाद्री काय! विजार सुटणाऱ्या माणसाला शाल द्यायची? मान्यवर येणारेत. जरा वजन टाका की."

मी वजन टाकलं. अध्यक्षांवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण असा माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो हे मलाही मिरवायचं होतं, आणि बटलर मिरवता येत नाही. मी इंग्रजी शोकांतिकांमधले राजे त्यांच्या नावावर लिहिले.

नाटक दणक्यात झालं. लोक डोळे पुसत हसले. मग मी ते राजे वाचले. टाळ्या पडल्या. ओपांना कळेना, कोणीतरी कानात जर्मनमध्ये सांगितलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्याकडून माइक घेतला आणि इंग्रजीत त्यांना गळ घातली, "राजाचं एखादं स्वगत होऊन जाऊ दे!"

ओपा उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काहीतरी चूक झाली आहे. मी राजा कधीच नव्हतो. मी चुकीच्या दारातून येणारा माणूस."

लोकांना तो विनय वाटला. जास्तच टाळ्या पडल्या. त्यांनी शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मोदक घेऊन खाली गेलो, आणि माफी मागायच्या ऐवजी चक्क वाद घातला. "मी तुमचा मानच वाढवला!"

"कोणाचा?" ओपा म्हणाले. "त्या राजाला मी ओळखत नाही."

जन्मभर दारं आपटलेल्या त्या माणसाने दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही.

अध्यक्षांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अहो, कौतुकच केलं ना आपण? म्हातारे हट्टी असतात." माझं रक्त अजून तापतं. दोन तास पोट धरून हसायचं आणि उठताना 'टाइमपास होता' म्हणायचं! रडवतो तो कलावंत, आणि हसवतो तो जेवणानंतरची बडीशेप? ज्याच्या पडण्यात आयुष्यभराचा सराव होता, त्याला मान द्यायचा तर आधी त्याला दुसराच कोणीतरी करावं लागतं? हे मी तेव्हा अध्यक्षांना सुनवायला हवं होतं. मी फोन ठेवला. वर्षभर ओपा जिन्यात भेटले की 'गुटेन टाग' म्हणत आणि पुढे जात.

पुढच्या गणपतीतही सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. मुलगी खाली जाऊन जर्मनमध्ये त्यांना म्हणाली, "पापाला काहीतरी बोलायचंय आणि तो घाबरलाय. तुम्ही याच." ते आले, मागच्या रांगेत बसले, कोट न काढता.

आरती झाल्यावर मी माइक घेतला. अध्यक्ष हातानेच 'आवरा' म्हणत होते. मी आधी मराठीत आणि मग जर्मनमध्ये सांगितलं, "गेल्या वर्षी इथेच मी तुम्हाला खोटं सांगितलं. मागे बसलेले हे गृहस्थ कधीच राजा झाले नाहीत. ते बहिरे कर्नल झाले, पाद्री झाले, बटलर झाले. हजारो लोकांसमोर त्यांची विजार सुटली, आणि ती रोज बरोबर त्याच क्षणी सुटली."

लोक हसले. मी थांबलो. हशा चढला, आणि उतरायला लागला.

"या कामाची लाज मला वाटली, ओपा. तुम्हाला ती कधीच वाटली नव्हती. माझं चुकलं. मला माफ करा."