अप्पांचं एक किलो

अप्पांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी डोळे मिटायचे. छत्री असो, पाना असो, नाहीतर बाजारातला मुळा असो. डोळे मिटून हात खांद्यापर्यंत सरळ उचलायचे, एक श्वास सोडायचे आणि मग डोळे उघडून त्या वस्तूचं टोक कुठं बघतंय ते पाहायचे. मनात धरलेल्या जागी टोक असलं तर वस्तू चांगली, नसलं तर परत. एकदा भाजीवाली मावशी वैतागून म्हणाली, "अप्पा, मुळा खायचाय का मारायचाय?" अप्पा शांतपणे म्हणाले, "जे हातात बसत न्हाय ते पोटात काय बसंल?" आणि दुसरा मुळा उचलून पुन्हा डोळे मिटले.

अप्पा आमच्या नेमबाजी क्लबचे आर्मरर होते. म्हणजे पिस्तुलं तपासायची, दुरुस्त करायची आणि स्पर्धेआधी कुठलं चालेल, कुठलं नाही, याचा निकाल द्यायचा. पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे घरात कन्नड. ते रागवायचे कन्नडमध्ये आणि समजूत घालायचे मराठीत. आमच्यापैकी बहुतेकांना कन्नड येत नव्हतं, म्हणून आमच्या वाट्याला फक्त समजूत यायची.

मी कुंभारी गावची. आई विड्या वळते, वडील कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे बांधतात. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं, हे मला अजूनही नीट कळत नाही. एनसीसीच्या मॅडमनी क्लबमध्ये पाठवलं तेव्हा मी दारातच उभी राहिले. अप्पांनी नाव विचारलं नाही. "हात दाखव," म्हणाले. मी हात पुढं केला. त्यांनी पहिलं बोट दोन ठिकाणी दाबून पाहिलं.

"बोटं कुणाची?"

"आईची," मी म्हणाले. काय सांगायचं ते सुचलं नाही म्हणून पुढं सांगून टाकलं, "ती विड्या वळते."

"मग अर्धं शिकूनच आलीस की, अव्वा," अप्पा म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची अव्वा. आपल्या मुलीला हाक मारावी तशी ते हाक मारायचे.

क्लबमध्ये मुलांसाठी एकच पॉइंट टू टू बोअरचं पिस्तूल होतं. नव्या पद्धतीचं. त्याची लाकडी मूठ कुण्या मोठ्या पंजाच्या माणसासाठी कोरलेली होती. माझा हात त्यात वडिलांच्या चपलेत पाय घातल्यासारखा हलायचा. मी काही बोलले नव्हते, पण अप्पांनी ते पाहिलं होतं. मग एका जुन्या सभासदांनी आपलं स्पर्धेचं पिस्तूल क्लबला देऊन टाकलं. जुन्या घाटाचं, सगळं पोलादी, वरचा भाग मागंपुढं सरकणारा, मुठीला दोन्ही बाजूंनी अक्रोडाच्या सपाट पट्ट्या. ना कोरीव मूठ, ना रंग. कागदपत्रं क्लबच्या नावावर झाली आणि लगेच वाद सुरू झाला. आमचे सचिव वकीलसाहेब म्हणाले, "हे विकून टाकू आणि नवीन मॉडेल घेऊ. हे म्युझियममध्ये शोभेल." अप्पा म्हणाले, "आधी बघू तरी द्या की." ठरलं असं, की अप्पांनी महिनाभर तपासून अहवाल द्यायचा, आणि विभागीय स्पर्धेत मी त्यावर खेळून दाखवायचं.

अप्पांचं तपासणं बघण्यासारखं असायचं. आधी मॅगझिन काढायचे, पिस्तूल रिकामं असल्याचं स्वतः बघायचे, मग मला बघायला लावायचे, मग पुन्हा स्वतः बघायचे. नंतर ते कानाशी धरून हळूच हलवायचे. "खुळखुळतंय का ऐक." काही ऐकू यायचं नाही. "ऐकू येत न्हाय तेच ऐकायचं." मग डोळे मिटून हात उचलणं. पहिल्यांदा मी ते पिस्तूल घेऊन डोळे मिटले, हात उचलला आणि उघडून पाहिलं, तर नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध उभी होती. मला काहीच करावं लागलं नव्हतं. माझा चेहरा बघून अप्पा म्हणाले, "लगीच खूश होऊ नको. अजून त्यानं तुला पसंत केलं न्हाय."

अहवाल ते शाळेच्या वहीत लिहायचे. तो मी स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची, म्हणून मला पाठ आहे. "स्वभाव सरळ. ट्रिगर वाळकी काडी मोडावी तसा मोडतो, आधी कुरकुर नाही. टेकूवरून मारलेल्या पाच गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. खोड एकच, तिसऱ्या मॅगझिननंतर घामानं मूठ फिरते. उपाय : घाम पुसावा." शेवटची ओळ वकीलसाहेबांना चिडवायला घातली होती, असं मला वाटतं.

आता चटणीचं सांगायला हवं. ते टाळून अप्पांबद्दल लिहिता येणार नाही.

स्पर्धेचा नियम असा, की या पिस्तुलाच्या ट्रिगरनं निदान एक किलो वजन पेललं पाहिजे. पिस्तुलाची नळी वर करायची, ट्रिगरला किलोचं वजन अडकवायचं आणि अलगद उचलायचं. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. क्लबकडे यासाठी पितळी वजन होतं. पण वजन कपाटात, कपाटाची किल्ली वकीलसाहेबांकडे आणि वकीलसाहेब कोर्टात. तीनदा मागून झाल्यावर अप्पांनी घरून काकूंनी कुटलेली शेंगाचटणी आणली, किराणा दुकानातल्या काट्यावर बरोबर एक किलो करून घेतली, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि सुतळीला तारेचा आकडा लावला. वर्षानुवर्षं दर हंगामाला नवी पिशवी यायची आणि हंगाम संपला की आम्हा सगळ्यांना ती वाटली जायची. "पितळ काय, कुणीबी टांगंल," अप्पा म्हणायचे. "चटणीला मान असतो. पिस्तूलबी जपून वागतं."

पिशवी हत्यारांच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगलेली असायची. मी सकाळी सहाला घर सोडायची. डब्यात दोन भाकऱ्या आणि बहुतेक वेळा एक कांदा. कॉलेज सुटल्यावर क्लबवर येऊन जेवायला बसायचं, तर बरोबर समोर ती पिशवी. मी रोज ठरवायची की आज नाही. मग सुतळी सोडायची, तीन बोटांत मावेल एवढी घ्यायची आणि तशीच गाठ मारायची. गाठ मारण्यात माझा हात चांगला होता. वडिलांकडून आला असावा. एवढ्या मोठ्या पिशवीत एका चिमटीनं काय होतं, असं मला वाटायचं. रोज वाटायचं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी अप्पांनी ट्रिगरचा स्क्रू शेवटचा बसवला. ट्रिगर उगाच जड नको, म्हणून पिशवी जेमतेम पेलेल एवढाच. पिशवी उचलली, ट्रिगर टिकला. तीनदा टिकला. "झकास," अप्पा म्हणाले.

स्पर्धेच्या ठिकाणी तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्यांनी त्यांचं वजन अडकवलं आणि उचललं. टक्. पुन्हा अडकवलं. टक्. तिसऱ्यांदाही टक्. त्या क्षणी माझ्या जिभेवर चटणीची चव आली. मला सगळं समजलं होतं आणि मी खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. अप्पांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन आटे पिळले, आणि मग पिस्तूल पास झालं. पण दोन दिवस ज्या ट्रिगरवर मी सराव केला होता तो आता राहिला नव्हता. पहिल्या दोन फेऱ्यांत मी चाचपडत राहिले. राज्य स्पर्धेसाठीची निवड थोडक्यात हुकली.

परतताना गाडीत वकीलसाहेब पुढं बसले होते. वाईट माणूस नाही, पण त्यांना मागं वळून बोलायची सवय. "अप्पा, हाताला आता विश्रांती द्या. होतं असं वयानं."

"व्हय," अप्पा म्हणाले. इतकंच. पुढचा सगळा रस्ता ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. मला भीती वाटत होती की सांगितलं तर क्लबमधून काढतील, आणि घरी काय सांगायचं, की चटणी चोरली म्हणून काढलं?

रविवारी क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक होती. विषय दोन : जुनं पिस्तूल विकणं आणि अप्पांचा सत्कार. सत्कार म्हणजे निरोप, हे सगळ्यांना कळत होतं. अप्पा आपली अवजारांची पेटी घेऊन आले आणि त्यांनी ती टेबलावर ठेवली. चहा आला. मी त्यांच्याकडे बघत होते. अप्पांनी कप उचलला आणि सरळ प्यायला लागले. डोळे न मिटता.

ते मला बघवलं नाही. मी उभी राहिले.

"बोला," वकीलसाहेब म्हणाले.

"सर, ते वजन कमी होतं."

"कुठलं वजन?"

"चटणीचं."

"चटणीचं वजन आपोआप कशाला कमी होईल?"

"मी खाल्ली."

अप्पांनी कप खाली ठेवला. "किती?"

"रोज थोडी. भाकरीबरोबर. महिनाभर."

"कोरडीच?"

"हो."

"तेल न्हाय, दही न्हाय?"

"नाही."

अप्पा वकीलसाहेबांकडे वळले. "बघा साहेब. माज्या बायकोची चटणी ही पोरगी महिनाभर तेलाबिगर खाती, आन् डोळ्यांतनं पाणी काढत न्हाय. एवढा दम तुमच्या क्लबात दुसऱ्या कुणाकडं हाय?"

कुणीतरी हसलं. पण अप्पा हसले नव्हते. ते उठले, खिळ्यावरची पिशवी काढली आणि सगळी समिती त्यांच्या मागोमाग समोरच्या किराणा दुकानात गेली. दुकानदारानं पिशवी काट्यावर ठेवली. नऊशे तीस. "सत्तर ग्राम खाल्ली," दुकानदार म्हणाला आणि उगाचच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"म्हंजे माजा हात बराबर हाय," अप्पा म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, अगदी हळू, जणू हातालाच सांगत होते. "बराबर हाय."

वकीलसाहेबांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि अप्पांच्या पुढं धरली. अप्पांनी किल्ली घेतली. डोळे मिटले, हात खांद्यापर्यंत उचलला, श्वास सोडला आणि डोळे उघडले. किल्लीचं टोक वकीलसाहेबांच्या नाकावर होतं. "चांगली हाय किल्ली," अप्पा म्हणाले. "आधी द्यायची की."

पिस्तूल विकायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. मला शिक्षा झाली. दर रविवारी पिशवी किराणा दुकानात नेऊन तोलायची आणि वहीत सही करायची. कपाटातलं पितळी वजन आता बाहेर आलं होतं, तरी पिशवी खिळ्यावरून उतरली नाही. पितळानं तपासायचं आणि चटणीनं खात्री करायची, असा अप्पांचा नवा नियम. काकूंनी मात्र वेगळी शिक्षा दिली. त्या दिवसापासून अप्पांच्या डब्याबरोबर एक छोटी डबी यायची, त्यात तेल घातलेली चटणी. डबीवर माझं नाव नसायचं, पण ती माझीच असायची. त्या चटणीबद्दल अप्पा कधी बोलले नाहीत. फक्त मी जेवायला बसले की खिळ्यावरची पिशवी उतरवून आपल्या मांडीवर घेऊन बसायचे.

पुढच्या वर्षी त्याच पिस्तुलावर माझी निवड झाली. तपासणीच्या टेबलावर वजन उचललं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. काही आवाज आला नाही. ऐकू येत नाही तेच ऐकायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर अप्पांचे गुडघे बोलायला लागले आणि ते काकूंना घेऊन गावी गेले. जाताना अवजारांची पेटी माझ्याकडे दिली. मी रडणार असं वाटल्यावर म्हणाले, "साकु, अव्वा. पुरे. डोळं पुसून घे, नेम धरायचाय." आता लहान मुलांची पिस्तुलं मीच तपासते. आधी स्वतः बघते, मग त्यांना बघायला लावते, मग पुन्हा स्वतः बघते. एसटीत उभं राहिल्यावर वरची दांडी धरतानासुद्धा माझे डोळे मिटतात. लोकांना वाटतं मला झोप आली.

गेल्या महिन्यात हंगाम सुरू व्हायच्या आधी एसटीच्या कंडक्टरबरोबर अप्पांचं पार्सल आलं. आत चटणीची पिशवी, सुतळीची गाठ, तारेचा आकडा. सवयीनं मी ती किराणा दुकानात नेली. काट्यावर एक हजार बारा आलं. दुकानदारानं काटा पुसून पुन्हा तोललं. एक हजार बाराच. अप्पांच्या हातून अशी चूक होणं शक्य नव्हतं आणि झाली असली तर मला ती ऐकायची नव्हती. तरी मी फोन लावला.

"अप्पा, पिशवी बारा ग्राम जास्त भरतीय."

अप्पा म्हणाले, "जास्त? म्हंजे अजून खाल्ली न्हाईस की."

फोन ठेवून मी सुतळी सोडली. बारा ग्राम म्हणजे माझ्या बोटांनी जेमतेम चार चिमटी. आता ती पिशवी खिळ्यावर आहे आणि बरोबर एक किलो आहे.