जाड दांड्याची मोगरी

त्या सकाळी गारठा असा पडला होता की पत्र्यालासुद्धा उठावंसं वाटत नव्हतं. धुकं शेडच्या छपरापर्यंत उतरलेलं, आणि छपराच्या कडेवरून एकेक थेंब खाली पडलेल्या जुन्या बंपरवर टपकत होता. गॅरेजात गाड्यांचे पोचे काढणारा ठोक्या एका पांढऱ्या व्हॅनच्या दारापुढे बसला होता. ठोक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण आता ते त्याच्या सासुरवाडीलाही चालायचं, तेव्हा आपणही तेच धरू.

दाराच्या आतून डाव्या हाताने लोखंडी ठोकळी लावायची आणि बाहेरून उजव्या हातातल्या लाकडी मोगरीने टोले देत पत्रा बसवत न्यायचा, हे त्याचं काम. लोखंडी हातोडा मारला की पत्रा ताणतो, त्याला फुगा येतो, आणि तो फुगा मग गाडी भंगारात जाईपर्यंत तिथंच. लाकडाच्या मोगरीने पत्रा ऐकतो. ठोक्याने अर्धं आयुष्य असं पत्र्याला ऐकायला लावण्यात घालवलं होतं, आणि आता त्याला सकाळी अंथरुणातून उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं.

त्याने टोला उचलला, आणि मोगरी हातातून सटकली. हवेत एक कोलांटी मारून फरशीवर आपटली आणि डोक्याची मधोमध दोन शकलं झाली.

"काय रे, देवाला वाहिलीस का?" पलीकडे रंगाची फवारणी करणारा रंगारी ओरडला.

"घाम आला हाताला."

"या थंडीत?"

"माझा घाम. मला वाटेल तेव्हा येतो."

रंगारी हसला आणि तोंडावर फडकं ओढून कामाला लागला. ठोक्याने हळूच काचेच्या केबिनकडे बघितलं. मालक फोनवर होता, त्याने पाहिलं नव्हतं. ठोक्याचा जीव भांड्यात पडला.

घाम नव्हताच. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मेली होती. म्हणजे दिसायला जागच्या जागी होती, पण त्यांना चिमटा काढला तरी तो दुसऱ्याला काढल्यासारखा वाटायचा. कोपरातली नस दबली असणार, असं औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं. ठोक्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मालकाला कळलं तर तो म्हणणार, ज्याला हातोडा धरता येत नाही त्याने इथं काय करायचं? आणि बायकोला कळलं तर तिचा भाऊ तयारच बसलेला. गाड्या लावायच्या मैदानावर त्याने मेहुण्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली होती. दिवसभर टपरीत बसायचं, येईल त्या गाडीला पावती फाडून द्यायची. "आठवडाअखेर काय ते सांगा, पुढं खुर्ची थांबायची नाही," असा त्याचा निरोप होता. त्या खुर्चीचा नुसता विचार आला तरी ठोक्याला आपल्याला कुणीतरी गुंडाळून माळ्यावर टाकतंय असं वाटायचं.

दुकानात हल्ली रबरी मोगऱ्या मिळतात. त्या पत्र्यावर मारल्या की उलट आपल्याच नाकावर यायच्या. म्हणून बुधवारी, गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी, फुटकी मोगरी पिशवीत घालून ठोक्या भिंगरीच्या दुकानात गेला.

भिंगरी म्हणजे कातारी. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे गज, पोरांचे भोवरे, जे जे गोल ते तो लेथवर कातून द्यायचा. त्याची जीभ लेथपेक्षा जोरात फिरायची, म्हणून हे नाव. त्याच्या दुकानात भिंतीशी एका स्टुलावर मापट्या बसलेला असायचा. तो ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा. कारखाना बंद पडला, तेव्हापासून स्टूल त्याचं. तिघं एका गल्लीत वाढलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले.

भिंगरीने शकलं उलटीपालटी केली. "ही आता चुलीत घाल."

"दुसरी करून दे."

"मी नाही देणार. इतकी वर्षं येतोस, माझा चहा पितोस, गप्पा हाणतोस, निघून जातोस. आज भुसा खा जरा. हे घे लाकूड."

पाडलेल्या जिन्याच्या खांबाचा तुकडा होता तो. काळपट, दगडासारखा जड. मापट्याने स्टुलावरून न उठताच सांगितलं, "दोन्ही टोकांवर कोपऱ्याकोपऱ्यातून रेघा मार. छेदतील तो मध्य. मधोमध धरलं नाहीस तर थरथरेल, आणि तुझे दात मोजायची पाळी येईल."

ठोक्याने रेघा मारल्या, खूण ठोकली. भिंगरीने तुकडा लेथच्या दोन टोकांत आवळला, गोलची, म्हणजे गोल धारेची पटाशी, ठोक्याच्या हातात दिली आणि बटण दाबलं. चौकोनी लाकूड फिरायला लागलं तसे त्याचे कोपरे नाहीसे झाले. कडेला नुसती धुरकट सावली उरली.

ठोक्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. पुढं सरसावला आणि पटाशी लाकडात घुसवली.

फाडकन आवाज झाला. तुकडा टोकांतून निसटला, पत्र्याच्या भिंतीवर आदळला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर मापट्याच्या मांडीवर येऊन पडलं.

"अरे बाबा, तो पोचा नाहीये! हाणतोस काय?" भिंगरी किंचाळला.

मापट्याने कॅलेंडर शांतपणे झटकलं. "बरं झालं. मागच्या वर्षाचंच होतं."

"ऐक माझं," भिंगरीने ठोक्याच्या मागे उभं राहून त्याचा हात धरला. "मूठ कमरेशी टेकव. हत्याराची पाठ आधी लाकडाला नुसती लागू दे. कापायचं नाही, घासायचं. मग मागची मूठ हळूच वर उचल. लाकूड आपणहून येतं. तू त्याच्या अंगावर जायचं नाही."

हे ऐकायला सोपं होतं. ठोक्याच्या खांद्यांना ते पटायला मात्र पार दुपार झाली. दर वेळी त्याचा हात टोला द्यायला बघायचा, दर वेळी पटाशी खडखडायची आणि भिंगरी शिव्या द्यायचा. मग केव्हातरी, बहुतेक ठोक्या दमून अंग सोडून उभा राहिला तेव्हा, पटाशीखालून एक लांब, कुरळी साल सुटली आणि त्याच्या मनगटावर येऊन बसली. ऊबदार होती. त्याने ती झटकली नाही. भिंगरीच्या शिव्याही, नवलच म्हणायचं, थांबल्या.

मोगरीचं डोकं झालं. थोडं ओबडधोबड, पण गोल. दांड्यासाठी छिद्रही पाडून झालं.

"आता दांडा. हा मी एकटा करतो," ठोक्या म्हणाला. अंगात थोडी मस्ती आली होती. त्याने जुन्या मोगरीचा दांडा काढला, जिथं मुठीने तो झिजला होता तिथं कंपास लावून जाडी घेतली, आणि नव्या लाकडाच्या मधल्या भागावर तेवढंच माप येईपर्यंत कातत राहिला. मन लावून केलं. पॉलिश पेपरही फिरवला. लेथ थांबवून दांडा हातात घेतला, तर तो उंदराच्या शेपटीसारखा. मूठ मिटली तरी आत फिरत होता.

"हे काय झालं?" ठोक्या बघतच राहिला. "माप तर बरोबर घेतलं!"

मापट्या पहिल्यांदा स्टुलावरून उठला. जुना दांडा त्याने खिडकीशी नेला आणि उजेडात सावकाश फिरवला. "हा एका अंगाने खाल्लेला आहे. ही बाजू पातळ, ती जाड. तू कंपास लावलास पातळ बाजूला. लेथ सगळीकडून सारखंच कापतो, त्याला तुझी मूठ काय ठाऊक?" तो थांबला. पुन्हा फिरवला. "दांडा कधी बसवलेला?"

"मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात."

"इथं अंगठा. इथं पहिलं बोट, इथं मधलं. खड्डे पडलेत चांगले." त्याचं नख खाली सरकलं. "आणि इथं दुकानातलं पॉलिश तसंच चमकतंय. टोल्याचा जोर दांड्याला जिथं लागायला हवा, नेमकं तिथंच. शेवटची दोन बोटं कुठं ठेवतोस तू, खिशात?"

ठोक्याने फडक्याने हात पुसायला घेतले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"मेलीत," तो शेवटी म्हणाला. "बसवला तेव्हापासूनच. त्याच्या आधीपासून थोडी."

"आणि आम्हाला आज कळतंय!" भिंगरी उसळला. "लेका, मला मूळव्याध झाली तेव्हा तुला पहिल्यांदा सांगितली होती मी!"

"सगळ्या गल्लीला सांगितली होतीस."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं? तू कातून देणार होतास बोटं?"

मापट्या हसला नाही. त्याने शेपटीसारखा दांडा कोपऱ्यातल्या भुशात टाकला आणि एक जाड चौकोनी काठी ठोक्यापुढे ठेवली.

"पुन्हा कर. जाड ठेव. बोटांनी धरायचा दांडा बोटं असलेल्यांसाठी. तुझा तळहात भरला पाहिजे, म्हणजे बोटं नसली तरी अंगठ्याच्या मुळाशी आवळला जाईल. आणि शेवटाला बोंड ठेव, फुगीर. सटकायला लागला तर बोंड अडेल."

"आता अंधार पडेल. दमलोय रे मी."

"दमलेला असतोस तेव्हाच बरं काततोस," भिंगरी म्हणाला आणि बटण दाबलं.

ठोक्याने रेघा मारल्या. मूठ कमरेशी टेकवली. थोडं कातायचा, लेथ थांबवायचा, तळहातात धरून बघायचा, पुन्हा चालू करायचा. कंपासला हात लावला नाही. बोंडाशी एकदा पटाशी अडकली आणि तिथं एक खोबण पडली. "असू दे ती," मापट्या म्हणाला, "तिच्यात मेलेली करंगळी ठेव. तेवढीच तिची सोय."

दांडा डोक्यात बसवून, पाचर मारून झाल्यावर भिंगरीने कुठूनसं एक गंजकं बॉनेट ओढून आणलं. ठोक्याने टोले दिले. मोगरी हातात राहिली. त्याने हलके टोले दिले, सरकत सरकत, आणि पत्र्याचा आवाज भरीव येत गेला. मग एक जोराचा मारला. मोगरी सुटली नाही, पण कोपरातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"जमलं!" भिंगरी म्हणाला.

"अर्धं जमलं," ठोक्या म्हणाला. "हलकं काम होईल. पत्रा सारखा करायचं, शेवटचं. जड कामाला हा हात आता नाही."

शब्द सहज बाहेर पडले, आणि त्याला फक्त बसावंसं वाटलं. मापट्याने स्टूल सोडून दिलं.

घरी पोचला तेव्हा बायको मागच्या दारी धुणं धूत होती. डोक्यात भुसा, कपड्यांवर भुसा. तिने वर पाहिलं. "हे काय? रंध्याखालून निघालात का?"

त्याने मोगरी तिच्यासमोर धरली. तिने ओले हात पदराला पुसून ती घेतली, वजन बघितलं. "दांडा केवढा हा! मुसळ म्हणायचं की काय?"

"अगं," तो पायरीवर टेकला, "माझी ही दोन बोटं कामातून गेलीत. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे."

"कसं?"

"बटणं न काढता शर्ट डोक्यातून घालायला लागलात तेव्हापासून. मी काय आंधळी आहे? आणि दादाला खुर्ची राखायला कुणी सांगितलं असं वाटलं तुम्हाला? त्याला काय सुचतंय एवढं!"

ठोक्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही इतके दिवस हे पोटात ठेवलं होतं. तिचे डोळेसुद्धा ओढलेले होते, हे त्याला आत्ता दिसलं.

"खुर्ची नको," तो म्हणाला. "पत्रा सारखा करायचं काम हिने होईल. जड दारं दुसऱ्या कुणीतरी ठोकावीत."

"मालकाला सांगणार का तसं? का परत घाम?"

घामाचं तिला कसं कळलं, हे विचारायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. "सांगतो. उद्या गेल्या गेल्या, केबिनमध्ये."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"मग खुर्ची आहेच. आठवडा अजून संपला नाही."

तिने मोगरीच्या बोंडावरून अंगठा फिरवला. "बरं. आधी मालकाला सांगून या. दादाला मी उद्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवते."

मग तिने बादलीतून पलंगाची ओली चादर उचलली आणि एक टोक त्याच्याकडे फेकलं. खांदा दुखतो, पाठ धरली, काहीतरी सांगून हे काम तो बरेच महिने टाळत आला होता, आणि ती एकटीच चादर नळाला गुंडाळून पिळायची.

"बोटांनी नका धरू," ती म्हणाली. "तळहातावर एक वेढा घ्या."

त्याने वेढा घेतला. ती एका दिशेने पिळत गेली, तो दुसऱ्या. पाणी दोघांच्या पायांवर पडायला लागलं.