वाटणीतून राहिलेलं फोल्डर

आमच्या फर्ममध्ये सगळ्याला मिळून एकच चावी होती, ती म्हणजे मोठ्या भाऊंचा पासवर्ड. पांढुर्ण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर जो बसेल तो हाच पासवर्ड टाकायचा आणि सौंसरच्या ऑफिसातही हाच चालायचा. संत्र्याचे सौदे, कापसाची खरेदी, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, ट्रकचे कागद, सगळं एकाच सामायिक फोल्डरात कोंबलेलं. त्यात एक ‘नवीन’, एक ‘नवीन नवीन’, एक ‘फायनल’ आणि एक ‘हेच फायनल, हात लावू नये’. सगळ्यात जास्त हात त्यालाच लागत. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देऊ, ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसू दे, असं मी कितीदा सांगून पाहिलं. मोठे भाऊ म्हणायचे, घरच्या घरात कुलूप कशाला.

फर्म दोन सख्ख्या भावांची. मोठे भाऊ पांढुर्ण्यात बसत, लहाने भाऊ सौंसरात. मी राहते सौंसरला आणि रोज बसने पांढुर्ण्याला जाते. नेमणूक हिशेबाची, पण एकदा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दाखवला आणि तेव्हापासून सगळे कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात पडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात आला, आणि सरकारने दोन्ही गावं एका छत्राखाली आणली न आणली तोच या दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. वडील आधीच गेलेले होते. भांडण कशावरून झालं ते मला आजही नीट माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते प्रत्येक वेळी वेगळं सांगत. गोदामं वाटली, गाड्या वाटल्या, घरं तर आधीपासून वेगळीच होती. मग एक दिवस मोठ्या भाऊंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, पांढुर्ण्याचं पांढुर्ण्याले, सौंसरचं सौंसरले. त्याचं मले दिसू नाही अन् माझं त्याले.”

लहान्या भाऊंची एक अट वरून आली. पुढे कोणत्याही फोल्डरची परवानगी बदलली, कोणाला दिली किंवा कोणाची काढली, की दोघांच्याही फोनवर सूचना गेली पाहिजे. मोठ्या भावावर भरवसा नाही असं ते म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, काम पक्कं असलेलं बरं. तशी सोय होती, मी ती चालू करून दिली.

तो उन्हाळा मी फाइली उघडून बघण्यात घालवला. नावावरून कशाचाच पत्ता लागत नव्हता, म्हणून एकेक उघडायची, कोणाची आहे ते ओळखायचं, नीट नाव द्यायचं आणि इकडच्या किंवा तिकडच्या घरात ठेवायचं. वर पंखा गरम हवा ढवळायचा. ऑफिसातले लोक येऊन विचारायचे, माझं का बंद केलं, मी काय चोर आहे का. ज्याने ती फाइल कधी उघडलीही नव्हती तोही बंद केल्यावर रुसायचा. लग्नात आहेर दिला नाही म्हणून बसतात तसे तोंड पाडून बसायचे. एकेकाला समजावता समजावता माझी बस चुकायची आणि घरी गेल्यावर स्वयंपाकाला उभं राहवायचं नाही.

तरी ही वाटणी शेतापेक्षा सोपी होती. शेत वाटायचं तर मधात धुरा, म्हणजे बांध, टाकावा लागतो, एकाचं गेलं तेव्हाच दुसऱ्याला मिळतं. कॉम्प्युटरमध्ये तसं नाही. जे दोघांनाही हवं त्याच्या दोन प्रती काढायच्या आणि दोघांनाही सबंध द्यायचं. जुने व्यापारी, जुने भाव, दिवाळीच्या कॅलेंडरसाठी काढून घेतलेला वडिलांचा फोटो, सगळं मी असंच दोघांना दिलं.

अडलं ते एका फोल्डरपाशी. त्याचं नाव होतं ‘आई’.

दोघा भाऊंच्या आईंना आम्ही ऑफिसातले सगळे आईच म्हणतो. त्यांचं हृदयाचं दुखणं जुनं. नागपूरचे डॉक्टर दर खेपेला मागचे कागद मागत आणि दर खेपेला कोणता तरी कागद दुसऱ्या घरी राहिलेला असे. म्हणून कधीतरी दोघा भावांनी मिळूनच ठरवलं होतं, की आईचं सगळं स्कॅन करून इथे टाकायचं, म्हणजे जो दवाखान्यात नेईल त्याला दिसेल. रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, कोणती गोळी मानवत नाही, सगळं त्यात होतं. याच्या दोन प्रती काढून भागणार नव्हतं. आजची प्रत आजपुरतीच खरी. पुढच्या तपासणीला कोणत्या तरी एका भावाकडची शिळी झाली असती, आणि औषधाच्या बाबतीत शिळा कागद नसलेल्या कागदापेक्षा वाईट.

आई राहत लहान्या भाऊंकडे. मी मोठ्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, तिकडंच जाऊ द्या. मी म्हटलं, मग तुम्हाला निदान पाहता येईल एवढी परवानगी ठेवू का? ते काट्याच्या चिठ्ठ्या चाळत होते. मान वर न करता म्हणाले, “मी मांगून राहिलो का?”

संध्याकाळी बसमधून उतरले ती थेट सौंसरच्या ऑफिसात गेले. लहान्या भाऊंना म्हटलं, आईचं फोल्डर मोठ्या भाऊंना दिसू देऊ का? त्यांनी विचारलं, “त्यानं मांगितलं का?” मी नाही म्हटलं. “मंग?”

आमच्याकडे हा कंजूषपणा नाही, मानाचं दुखणं आहे. पत्रिका हातात पडली तरी घरी येऊन तोंडाने बोलावल्याशिवाय माणूस लग्नाला जात नाही, आणि बोलावणारा म्हणतो, पत्रिका दिली ना, आता काय पाय धरू. एकाने मागायचं नाही, दुसऱ्याने मागितल्याशिवाय द्यायचं नाही, आणि मधल्या माणसाने दोघांच्या चपला उचलत फिरायचं. मी मोठ्या भाऊंचं नाव त्या फोल्डरवरून काढलं. दोघांच्याही फोनवर सूचना गेली असणार. कोणीच काही बोललं नाही. त्या दिवशी मला त्या दोघांचाही राग आला, आणि सांगितलं तेवढं मुकाट्याने करणाऱ्या माझा जास्त आला. पण मी पगारी माणूस. मुलाची फी होती, घराचं भाडं होतं, आणि दोन हत्तींच्या मध्ये जाऊन उपदेश करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पोळ्याला आई चार दिवसांसाठी पांढुर्ण्याला आल्या. दरवर्षी येत. वाटणी झाली तरी तेवढं मोडलं नव्हतं. मोठे भाऊ गाडी पाठवत, लहाने भाऊ त्यात बसवून देत, आणि दोघांना समोरासमोर यावं लागत नसे. पोळा झाला आणि एका सकाळी मोठे भाऊ ऑफिसात आलेच नाहीत. दुपारच्या आत त्यांचा फोन आला. आई न्हाणीत चक्कर येऊन पडल्या होत्या, ते त्यांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात होते. डॉक्टर विचारत होते, रक्त पातळ करायची गोळी कोणती चालू आहे, मागच्या रिपोर्टात काय होतं. आईंची औषधांची थैली घाईत घरीच राहिली होती, आणि नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते.

“ते फोल्डर उघडून द्या,” ते म्हणाले.

मी म्हटलं, भाऊ, ते सौंसरकडे आहे. लहान्या भाऊंना एक फोन करता का?

पलीकडून दवाखान्याचा गलका ऐकू येत होता, कोणाचं तरी नाव पुकारत होते. मोठे भाऊ त्या गलक्यातून बाजूला झाल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, “मॅडम, मी मांगून राहिलो.”

आवाज त्यांचा वाटतच नव्हता. एवढा मोठा माणूस, सौद्याला बसला की चार गावचे व्यापारी गप्प होतात, आणि तो माझ्याजवळ मागत होता. मी त्यांचं नाव टाकलं, परवानगी दिली, कागद दिसायला लागल्याचं त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला. आता लहान्या भाऊंचा फोन येणार, कोणाला विचारून दिली म्हणणार, आणि माझी नोकरी जाणार, असं मी धरूनच चालले होते.

फोन आलाच. सूचना त्यांच्यापर्यंत पोचली होती. पण कोणी दिली, का दिली, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

“माय कुठं आहे?” एवढंच विचारलं.

मी दवाखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि फोन तसाच चालू ठेवून ते गाडीकडे पळाले. मला गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं, मग मीच फोन बंद केला.

पुढचं मला आईंनीच सांगितलं. त्या बऱ्या होऊन सौंसरला आल्यावर मी भेटायला गेले होते. “दोघं बी बाकावर बसून होते,” त्या म्हणाल्या. “एक या टोकाले, एक त्या टोकाले. बोलले नाई. पन लहान्यानं चहा आनला तं दोन कप आनले.” एवढ्यावरच त्या समाधानी होत्या. मी नव्हते. पण म्हातारं माणूस थोडक्यात भागवायला शिकलेलं असतं.

मी परवानगी काढून टाकू का म्हणून विचारायच्या आधीच लहान्या भाऊंनी निरोप दिला. राहू द्या, आणि मोठ्याला नुसतं पाहता नाही, टाकताही आलं पाहिजे. मोठ्या भाऊंनी त्यावर काहीच म्हटलं नाही, आणि त्यांच्या बाबतीत ते हो म्हटल्यासारखंच असतं.

तेव्हापासून सगळ्या व्यवस्थेत तेवढं एकच फोल्डर दोघांचं राहिलं. बाकीचं माझं काम बघून कोणीही शाबासकी द्यावी, पण हे फोल्डर काही महिन्यांत पहिल्यासारखंच झालं. मोठे भाऊ चिठ्ठीचा फोटो आडवा काढून टाकत, लहाने भाऊ तो सरळ करून पुन्हा टाकत, आणि आधीचा कोणीच काढत नसे. मी आवरायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिलं. दुसरीकडे कुठेच न बोलणारी दोन माणसं तिथे निदान एकमेकांच्या मागून येत-जात होती. तिथे झाडू मारायचं माझ्या जिवावर आलं. खरं तर मी थकलेही होते. दोघांचे निरोप पोचवून माणूस थकतो, कामाने तेवढा थकत नाही.

पुढच्या वर्षी संत्र्याच्या सीझनला, ऑफिसासमोर कॅरेटांची चळत लागलेली होती तेव्हा, त्या फोल्डरात एक नवी फाइल दिसली. नाव काहीच नव्हतं, मशीनने टाकलेला नंबर होता. नाव द्यावं म्हणून उघडली. हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट होता, पण वर आईंचं नाव नव्हतं. मोठ्या भाऊंचं होतं. शेवटच्या ओळींमधला अर्धा मजकूर मला कळला नाही, पण दोन नसा बंद आहेत आणि ऑपरेशनचा सल्ला आहे, एवढं कळलं.

मला वाटलं, टाकताना चुकलं असेल. केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, भाऊ, तुमची एक फाइल आईंच्या फोल्डरात गेली आहे, तुमच्या फोल्डरात हलवून देते.

ते एका चेकवर सही करत होते. सही पूर्ण केली, पेनला टोपण लावलं. “चुकून नाई गेली,” म्हणाले. “राहू द्या तिथंच.”

मी दाराकडे वळले तेव्हा त्यांनी विचारलं, फाइल टाकली की त्याच्या फोनवर सूचना जाते ना. मी सांगितलं की नाही. फाइल टाकली तर जात नाही, परवानगी बदलली तरच जाते. त्यांना हे माहीत नव्हतं. फाइल टाकून ते किती दिवस वाट बघत होते, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ते टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले.

“मंग एखादी परवानगी बदला नं,” ते म्हणाले.

मी जागेवर येऊन बसले. डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं, डोळे आधी पदराने पुसले. मग ‘आई’वरून मोठ्या भाऊंचं नाव काढलं आणि लगेच परत टाकलं. दोन सूचना गेल्या. केबिनमध्ये त्यांच्या फोनवरही त्या वाजल्या. मी पडद्याकडे बघत बसले. बाहेर हमाल कॅरेट चढवत होते, कोणीतरी चहासाठी ओरडत होतं. काही वेळाने त्या फाइलीशेजारी दिसायला लागलं, की सौंसरकडून ती उघडली आहे. ती बराच वेळ उघडीच होती.

मग केबिनमधला फोन वाजला. मोठ्या भाऊंनी तो थोडा वाजू दिला आणि उचलला.

“हाव,” ते म्हणाले. “बोल.”

मी उठले आणि त्यांच्या केबिनचं दार बाहेरून लोटून घेतलं.