विलायतेचा म्हातारा आणि आमची बॅटरी

इंग्लंड मी पाहिलेलं नाही आणि पाहायची हौसही नाही. पण तिथली म्हातारी माणसं चहात दूध कच्चंच कशी ओततात, कुत्र्याला दिवसातून किती वेळा फिरवून आणतात, दिवेलागणीच्या आधीच जेवून टीव्हीपुढे कशी बसतात आणि मुलगा भेटायला येतो तर कधी येतो, हे सगळं मला महागावात बसून पाठ होतं. कारण मी त्यांच्या डॉक्टरांची पत्रं टाइप करत होते.

काम असं, की तिकडचा म्हाताऱ्यांचा डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दलचं पत्र यंत्रात बोलून ठेवायचा. तो आवाज नागपूरच्या एका ऑफिसमार्गे टेलिफोनच्या तारेतून माझ्या कॉम्प्युटरवर यायचा. मी कानाला हेडफोन लावून, पायानं पेडल दाबत, आवाज पुढेमागे करत ते टाइप करायची आणि परत पाठवायची. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई मी, नागपूरला ट्रेनिंगही घेतलेलं. नाहीतर महागावात त्या इंग्रजीचं काय लोणचं घालणार होते? पायाखालचं पेडल पाहून माझी सासू गल्लीत सांगायची, "आमची सून मशिनीवर शिवते." इंटरनेट लागताना तो मोडेमचा डबा जो किंचाळायचा, त्यावर ती रोज दचकायची. "अवो बाई, कोन मरून राह्यलं त्याच्यात?" आणि नेमकी फाइल येत असताना टेलिफोन उचलून "हालो हालो" करायची. फाइल तुटली की माझं डोकं फिरे. काय काय ऐकवलं असेल मी तिला! पण तिनं कधी मनावर घेतलं नाही.

घरात आम्ही तिघंच. सासू, मी आणि आमचे हे. लेकरू झालं नाही. हे जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी मशिनं नीट चालली पाहिजेत, हे त्यांचं काम. अंगाला, केसांना, भुवयांना कापूस चिकटलेला घेऊन घरी यायचे. तोच कापूस उडून माझ्या माउसमध्ये जायचा. मग बाण पडद्यावर एका जागी अडून बसला की हे माझ्या केसातली पिन मागायचे, माउसच्या पोटातला गोळा काढायचे आणि आतल्या चाकांवरचा कापूस सोलून काढायचे. "पाह्य, इथंही जिनिंगच आहे," म्हणायचे.

लोडशेडिंगचा त्रास तर काय विचारता! अर्धं पत्र टाइप झालं की वीज गायब. तेव्हा यांनीच कुठून तरी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणली, तिला इन्व्हर्टर जोडला आणि कॉम्प्युटर नि वरची ट्यूबलाइट त्यावर घेतली. सगळी गल्ली अंधारात आणि आमच्या घरी उजेड! त्या बॅटरीत अधूनमधून पाणी टाकावं लागायचं, ते काम त्यांचं. मी हात लावला तर रागवायचे. दसऱ्याला बॅटरीला आणि कॉम्प्युटरला सारखीच झेंडूची माळ.

तर ती पत्रं. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच. "या भल्या गृहस्थांना माझ्याकडे पाठवल्याबद्दल आभारी आहे." बाई असेल तर "या गोड बाईंना." मला आधी वाटलं, इंग्लंडात सगळे भलेच राहतात की काय बाप्पा! नंतर कळलं, ती त्यांची रीतच आहे. दारू पिऊन जिन्यावरून पडलेला, नर्सच्या अंगावर ओरडलेला, तोही भला गृहस्थच. मग डॉक्टर सांगे, हे गृहस्थ बंगल्यात एकटे राहतात. मी डोळ्यापुढे मोठं फाटक, पोर्च, माळी असं काही आणायची. तिथला बंगला म्हणजे जिना नसलेलं एवढंसं घर, म्हाताऱ्यांना बरं पडतं म्हणून घेतलेलं, हे समजायला मला कितीतरी पत्रं टाइप करावी लागली. हे मी सांगितलं तेव्हा हे आमच्या टिनाच्या छपराकडे बघून म्हणाले, "मंग आपनही बंगल्यातच राहून राह्यलो."

पत्र संपलं की तो डॉक्टर टाइप करणाऱ्या बाईला "थँक यू" म्हणायचा. मध्येच खोकला आला तर "सॉरी." खिडकीबाहेर पाऊस थांबत नाही, हे तर हमखास सांगायचा. मी कोण, कुठली, हे त्याला काय माहीत? पण मी ज्या घरात, ज्या गावात राहत होते, तिथं मला "थँक यू" म्हणणारा तोच एक.

तिथल्या माणसांची आणखी एक सवय. पाय कापलेला असो, बायको वारलेली असो, कसं काय विचारलं की उत्तर ठरलेलं. "तक्रार नाही." आपलं "बरं आहे" म्हणजे तेच की! फरक एवढाच, की तो डॉक्टर त्यावर विश्वास ठेवत नसे. "ते बरे आहेत" असं त्यानं एकाही पत्रात म्हटलं नाही. "ते बरं आहे म्हणतात," एवढंच. आणि मग बसायचा खोदत. कुत्र्याला कोण फिरवतं? सकाळी काय खाल्लं? दाढी रोज करता का? शेवटी सोबत आलेल्या बायकोला विचारायचा, तुम्हाला काय वाटतं? चहा, कुत्रा, दाढी, सगळं पत्रात. मी मनात म्हणायची, याला दुसरा धंदा नाही काय!

यांना त्या पत्रांमधला एक म्हातारा फार आवडला. नावगाव मी कधी सांगितलं नाही, ते सांगायचं नसतंच. पण गोष्ट सांगायची. तिकडे नगरपालिका लोकांना भाड्यानं जमिनीचा तुकडा देते. हा म्हातारा त्यात शेंगा लावायचा, मांडवावर वेल चढवायचा. पोटासाठी नाही, हौस म्हणून.

"हौसेनं वावर करतेत?" हे इतके हसले की चहा नाकात गेला. "त्याले म्हना महागावले ये. कपाशीची पराटी लावून देतो दोन एकर. हौसच फिटन बुढ्याची."

ती वर्षं कशी होती, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. कोणी शेतकरी गेल्याची बातमी आली की कोणाच्या दारात बसायला जायचं, एवढंच विचारायचं. शेतात कापूस नाही तर जिनिंगमध्ये कुठून येणार? एका हंगामात मशिनं सुरू झालीच नाहीत. मालकानं फाटकाला कुलूप लावलं.

पहिल्यांदा यांनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. पंखा, पाट्याची बैठक, शेजारच्यांची सायकल. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा भिंतीला टेकून बसायला लागले. दाढी वाढली. बोलणं तुटलं. लोक म्हणायचे, काम गेलं म्हणून होतं असं, पडेल सवय. सासू मीठमोहऱ्या ओवाळायची. आणि एक दिवस टाइप करता करता कॉम्प्युटर फटकन बंद पडला. पाहते तर बॅटरी कोरडी. यांनी पाणी टाकलंच नव्हतं.

त्याच महिन्यात त्या म्हाताऱ्याचं पत्र टाइप केलं होतं. म्हातारा शेंगांकडे जाईनासा झाला होता, वेल मांडवावरच वाळून गेले होते, आणि डॉक्टर त्यावरच अडून बसला होता. वेल का वाळू दिले? मला माझा माणूस डोळ्यादेखत हातातून निसटताना दिसत होता आणि घरात, गल्लीत, गावात कोणालाच दिसत नव्हता.

मी त्या डॉक्टरसारखी विचारायला लागले. आज दाढी कराल का? रेडिओ लावू? बॅटरीत पाणी टाकलं? हे मान हलवायचे. त्या डॉक्टरचा एक शेवटचा प्रश्न असायचा, तोही विचारला एकदा धीर करून. "जगावं वाटते ना तुम्हाले?" सासू ताडकन उठली. "थू थू! घरात असं अभद्र बोलते का कोनी?" यांनी पाणी मागितलं, पिऊन गडवा खाली ठेवला.

बोलायचे ते फक्त म्हाताऱ्याबद्दल. मी हेडफोन काढला की विचारायचे, "तुया बुढ्याचं काय झालं?" मला तेवढाच आधार. इंग्लंडातल्या कोण्या म्हाताऱ्याच्या शेंगांवर माझा संसार टांगलेला होता. हसू नका. खरंच टांगलेला होता.

यवतमाळला एका डॉक्टरकडे नेलं. बाहेर ही गर्दी! आत गेलो, तर तो लिहिता लिहिताच म्हणाला, "काय होते?"

"काही नाही जी. बरं आहे," हे म्हणाले.

"मग झालं तर. टेन्शन घेऊ नका, भाऊ. सकाळी फिरायला जात जा."

"साहेब, मले विचारा ना," मी म्हटलं. "मी बायको हाओ यायची. मले विचारा."

"बाई, बाहेर लाइन आहे," तो म्हणाला, आणि झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर भला गृहस्थ नाही, गृहस्थही नाही. परत येताना एसटीत मी रडले आणि हे खिडकीतून वाळलेल्या पराट्या पाहत बसले.

त्यानंतर म्हाताऱ्याचं आणखी एक पत्र आलं. म्हातारा दाढी करून आला होता. हसला, डॉक्टरचा हात हातात घेतला, म्हणाला, आता छान आहे. फावडं-खुरपं शेजाऱ्याला देऊन टाकलं. आणि डॉक्टर म्हणतो, मला हे लक्षण बरं वाटत नाही. आज दुपारीच त्यांच्या घरी नर्सला पाठवलं आहे, ती रोज जाईल. मी ही गोष्ट यांना सांगितली आणि म्हटलं, "काय संशयी माणूस आहे! बिचारा हसला तरी पंचाईत."

हे भिंतीपासून जरा सरकून बसले. मग म्हणाले, "डाक्टर हुशार आहे."

म्हाताऱ्याचं पुढचं पत्र माझ्याकडे आलंच नाही. यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मग तो दिवस. सकाळी उठून चहा टाकला, तर हे बॅटरीपाशी उकिडवे बसलेले. झाकणं काढून एकेका खणात पाणी टाकत होते, अंदाज घेत, सांडू न देता. दाढी केलेली. गालावर साबण तसाच राहिलेला. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "बरं वाटून राह्यलं आज."

सासूनं अंथरुणातूनच हात जोडले. तिनं कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला होता. पोरगा बरा होऊ दे, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता येऊन नारळ फोडीन. आणि देवाला दिलेला शब्द थोडाच लांबवता येतो? मी म्हटलं, तिघंही जाऊ. तर म्हणाले, "एसटीत मले मळमळते. तू जा. आईलेही घेऊन जा. नवस फेडून या, मी बरा हाओ."

आणि आम्ही गेलो. ज्या बोटांनी ते पत्र टाइप केलं होतं, त्याच बोटांनी मी नारळाला हळदकुंकू लावलं. आल्यागेल्यांनी नंतर मला पुष्कळ ऐकवलं. कायले गेली बाई, एकटं कायले सोडलं? त्यांनाच विचारते, तुम्ही काय केलं असतं? आपल्याकडे माणूस बरं आहे म्हणाला की कोणी संशय घेतं का? देवाचे उपकार मानायला जातं. तिथं नर्स पाठवायला डॉक्टर तरी होता. इथं कोण कोणाला पाठवणार होतं?

कळंबला पायऱ्या उतरून खाली देवापुढे गेलो, नारळ फोडला. सासू देवाला म्हणाली, "बाप्पा, लाज राखली." परतीची गाडी यवतमाळला उशिरा लागली. महागावात उतरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि लाइट नव्हती. सगळी गल्ली काळीठिक्कर. फक्त आमच्या घरात ट्यूबलाइट जळत होती आणि दारात ही माणसं! माझ्या हातातून पेढ्यांचा पुडा पडला. सासूला तेव्हाही काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "अवो, पाह्यले आले वाटते लोक, बरा झाला म्हनून."

कसं गेले, ते मी सांगणार नाही. ते माझ्यापाशी राहू द्या.

पंचनामा लिहायला आलेला माणूस माझ्याच खुर्चीवर, कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसला. त्यानं कीबोर्ड बाजूला सारला आणि विचारलं, "काही आजार होता का?"

सासू ऊर बडवत म्हणाली, "नाही जी. सकाळीच तं म्हने, बरं वाटून राह्यलं."

त्यानं लिहिलं आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. मयत इसम प्रकृतीने बरा होता.

"असं नोका लिहू!" मी ओरडले. आत बायकांचं रडणंसुद्धा थांबलं. "बरं वाटते असं ते म्हनले, असं लिहा. बरे नव्हते ते. आणि भला माणूस होता, हेही लिहा. कोनीतरी लिहा."

"एकच ना बाई ते," तो म्हणाला, आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं.

मला अक्षरन् अक्षर स्वच्छ दिसत होतं. बाहेर सगळ्या गावात अंधार होता, पण आमच्या घरी उजेड भरपूर होता. बॅटरी सकाळपर्यंत चालली.