आर्लिसची थंडी

आमच्या भागात माणसाने कुरकुर करायची ती फक्त हवेबद्दल. गुडघे गेले, सून बोलत नाही, देवावरचा विश्वास उडाला, काहीही झालं तरी माणूस खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "यंदा थंडी जरा जास्तच आहे, नाही?" समोरचा म्हणतो, "हो ना." झालं मन मोकळं. उत्तर मिनेसोटात आम्ही सगळे अशीच मनं मोकळी करत म्हातारे झालो.

माझा शेजारी व्हर्डेल टॉर्गर्सन मात्र असलं बोलणं शब्दशः खरं धरून चालणारा माणूस. त्याची बायको आर्लिस दर हिवाळ्यात म्हणायची, "व्हर्डेल, मला फार थंडी वाजते रे." व्हर्डेल लगेच उठून खिडकीची एखादी फट बुजवायचा. मग तिला लोकरीचे मोजे आणायचा. मग विजेवर तापणारं पांघरूण. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने तिला आतून लोकर लावलेले बूट दिले. तिने ते चर्चमध्ये सगळ्यांना दाखवले आणि छान आहेत म्हणून सांगितलं. नवरा दुष्ट असता तर तिला चार लोकांत रडता तरी आलं असतं. असल्या नवऱ्याबद्दल बोलणार काय!

व्हर्डेलने आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाला आणि त्याने जुन्या पिकअपच्या पाठीवर एक कॅम्पर बसवला. म्हणजे पत्र्याची एक चिमुकली खोली: टपाखाली बिछाना, दोन माणसांचं टेबल, गॅसची शेगडी आणि एक हीटर. शहाणी माणसं उन्हाळ्यात असल्या गाड्या घेऊन डोंगरात जातात. हा जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर जायचा, बर्फाला भोक पाडून मासे धरायचा आणि रात्री तिथेच झोपायचा. सकाळी गावातल्या कॉफीच्या दुकानात येऊन सांगायचा, "थंडी म्हणजे काय? फट. फट सापडली की थंडी संपली."

लोक त्याला विचारायला यायचे. झोपताना काय खावं? लोणी लावलेलं काहीही. अंगात काय घालावं? सुकं, आणि दिवसभर घातलेलं तर मुळीच नाही. खिडकी बंद ठेवावी का? इथे तो आवाज खाली आणायचा. खिडकी बोटभर उघडी ठेवायची. सगळं घट्ट बंद केलं की आपलाच श्वास भिंतीवर बसतो, त्याचं पाणी होतं आणि पहाटे ते आपल्याच अंगावर टपकतं. बायकोबद्दल सल्ला मात्र त्याला कोणी विचारत नसे, ते बरंच होतं.

आर्लिसची धाकटी बहीण कार्मेन ॲरिझोनात राहायची. आमच्याकडचे निम्मे म्हातारे पहिला बर्फ पडला की तिकडेच जातात. चाकांवरच्या घरांची तिथे वसाहतच आहे. संध्याकाळी नाच, पत्ते आणि एकमेकांच्या ऑपरेशनच्या गोष्टी. त्या वर्षी कार्मेनच्या शेजारचं घर रिकामं झालं आणि जानेवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

आर्लिस माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "मी जाणार. तो आला तर आला. दर हिवाळ्यात जाणार."

"त्याला सांगितलंस?" मी म्हणाले.

"सांगितलं, मला इथली थंडी सोसवत नाही."

"मग?"

"मग काय! कागद घेऊन बसलाय. कॅम्परचं चित्र काढतोय."

व्हर्डेलने तिच्यापुढे पैज ठेवली होती. जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, तळ्यावर एक रात्र. तिला थंडी वाजली तर ॲरिझोना, तो हूं की चूं करणार नाही. नाही वाजली, तर तिने हिवाळे इथेच काढायचे आणि कार्मेनच्या शेजारच्या घराचं नाव काढायचं नाही. पत्र्याच्या डब्यात ऊब देता आली तर घरात देणं काय अवघड, असा त्याचा हिशेब. आर्लिस कबूल झाली. ती खोटं बोलणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी आयुष्यभर चर्चमध्ये प्रवचनं दिली होती, आणि ती सगळी तिने ऐकलेली होती.

दोन आठवडे तो माणूस गाडीच्या आतच राहिला म्हणायला हरकत नाही. गादीखाली लाकडाच्या पट्ट्यांची जाळी घातली, म्हणजे खालून ओल धरायला नको. छताच्या झरोक्यात फोमची उशी कापून बसवली. हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी थंडीत मान टाकते, म्हणून ती आत आणून तिला पेटीत निजवली. माझ्याकडून गरम पाण्याची पिशवी नेली. ऑर्लिन बाके, त्याचा बसच्या दिवसांपासूनचा मित्र, रोज दारात उभा राहून टोमणे मारायचा.

"अरे, अंडी उबवणारेस का आत?"

"तू तुझं बघ."

"मी बघतोच आहे. माझी बायको ॲरिझोनाला गेली तर मी पार्टी देईन, आणि तू फोम कापतोयस!"

व्हर्डेलने मान वर केली नाही. "ती गेली तर मी काय करू इथे?" एवढंच म्हणाला. ऑर्लिनने हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाला, ऐकून आपल्याला कसंतरीच झालं, म्हणून आपण लगेच हवेचा विषय काढला.

ठरल्या दिवशी शून्याखाली तीस होतं. दुपारीच दिवस कलायला लागला तेव्हा ऑर्लिन मला त्याच्या गाडीतून तळ्यावर घेऊन गेला. ऑर्लिनची मासे धरायची खोपी जवळच होती. आम्ही कॅम्परच्या दारावर थाप मारली आणि आत शिरलो, तर चष्म्यावर वाफ आली. ऊब म्हणजे काय विचारता! मी कोट काढला, स्वेटरही काढला. आर्लिस बिनबाह्यांच्या ब्लाउजात टेबलाशी बसली होती. समोर पत्ते वाटून ठेवलेले, शेजारी बशीत लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या बटाट्याच्या पोळ्या.

"व्हर्डेल, तुझी पाळी," ती म्हणाली.

"आलोच. ही खिडकी जरा जास्त उघडली गेलीय."

"मी काय सांगत होते, कार्मेन म्हणाली की आईची शिवणाची पेटी..."

"एक मिनिट हं." तो गुडघ्यावर बसून हीटरचा आवाज ऐकत होता. मग त्याने दाराजवळचा तापमानाचा काटा बघितला, मग बिछान्याजवळचा. त्याने काटेही दोन लावले होते. "बघ, दोन्हीकडे सारखं! पायाशी आणि डोक्याशी!"

"वा," आर्लिस म्हणाली.

आम्ही कॉफी घेतली, पोळ्या खाल्ल्या, व्हर्डेलचं कौतुक केलं आणि ऑर्लिनच्या खोपीत गेलो. निघताना मी मागे वळून बघितलं. ती दोघांचेही पत्ते स्वतःच खेळत होती.

सकाळी निकाल ऐकायला आम्ही पुन्हा हजर. पापण्या गोठून एकमेकींना चिकटत होत्या, पण कॅम्परच्या आत वसंत ऋतू. व्हर्डेलचे डोळे लाल. रात्रभर उठून उठून हीटर बघत होता. पाण्याची पिशवी दोनदा नव्याने भरली, खिडकी कमीजास्त केली, पण बायकोच्या अंगावर थेंब पडू दिला नाही. बाराखडी पाठ करून आलेल्या पोरासारखा तो आर्लिससमोर उभा होता.

"सांग," तो म्हणाला. "यांच्यासमोर सांग. थंडी वाजली?"

आर्लिसने कॉफीचा कप खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. इतकी ऊब मला आमच्या घरातसुद्धा कधी मिळाली नव्हती."

ऑर्लिनने टोपी काढली. व्हर्डेल हसला, आणि त्याचे सगळे दात दिसले. ते मी यापूर्वी कधी बघितले नव्हते.

"म्हणजे थंडीचा प्रश्न नव्हताच," आर्लिस म्हणाली.

"म्हणजे?"

"मलाही वाटायचं थंडीच आहे. इतकी वर्षं तेच म्हणत आले ना. काल रात्री पडल्या पडल्या बघितलं, हात गरम, पाय गरम, नाकाचा शेंडासुद्धा गरम. आणि तरी तेच. अगदी तेच वाटत होतं." तिने कप उगाच फिरवला. "मी जाणार आहे, व्हर्डेल."

"पण पैज..."

"पैज तू जिंकलास. थंडीसाठी नाही जात मी. काल मी तुला आईच्या पेटीबद्दल सांगत होते. काय सांगितलं?"

हीटर किती वेळा चालू झाला ते व्हर्डेलला विचारलं असतं तर मिनिटासकट सांगितलं असतं त्याने. ऑर्लिन पुटपुटला की आपल्याला गळ बघायला हवा, आणि दार लावून गेला. मीही उठले, पण माझे बूट आर्लिसच्या पायांमागे होते. त्या पत्र्याच्या डब्यात कोणाला कुठे तोंड लपवायला जागाच नव्हती.

"इतकी वर्षं उबेत ठेवलंस," आर्लिस म्हणाली. "शेजारी बसला नाहीस."

मला व्हर्डेलचा राग आला आणि कीवही आली. तो माणूस रात्रभर तिच्यासाठीच जागला होता, आणि ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. तो वळला. काट्याकडे बघत राहिला.

"ॲरिझोनात," तो म्हणाला, "रात्री बरीच थंडी पडते म्हणतात. वाळवंट आहे. तिथेही माणसाला..."

"व्हर्डेल."

"नाही, म्हणजे कोणीतरी हीटर बघायला..."

"काय विचारायचंय ते विचार. आणि मला विचार, काट्याला नको."

तो वळला. आयुष्यभर शाळेची बस वेळेवर सोडणारा हा गडी, त्याला एक वाक्य सुटेना. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. मग समोरच्या बाकावर, तिच्यासमोर, बसला.

"येऊ का मी?"

"ये," आर्लिस म्हणाली, आणि रडायला लागली. आवाज करून, चेहरा न झाकता. व्हर्डेल या वेळी जागचा उठला नाही. आमच्याकडे असं कोणी कोणासमोर रडत नाही. मी इतकी गांगरले, की बूट ओढता ओढता मोठ्याने म्हणाले, "आज बाहेर थंडी फारच आहे, नाही?"

दोघांपैकी कोणीही मला उत्तर दिलं नाही.