प्रिंटरची लाइन

आमच्या व्याह्यांइतका हुशार माणूस सिरसाळ्यात दुसरा नाही, असं ते स्वतःच सांगतात. दुसऱ्या कोणी सांगितलेलं मी अजून ऐकलं नाही. मास्तरकी संपल्यावर त्यांनी ओसरीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडून फॉर्म भरून द्यायचं दुकान काढलं. दोघांच्या मध्ये वायर नाही; मजकूर हवेतून जातो म्हणे. जातो तेव्हा जातो. नाही गेला की व्याही प्रिंटरला म्हशीसारखं थोपटतात, मग शिव्या घालतात, मग तो बंद करून एकवीस आकडे मोजतात आणि परत चालू करतात. छापायचा हुकूम ते एकदा कधीच देत नाहीत. म्हणतात, "एकदा सांगून कोण ऐकतंय? सुनेला बी तीनदा सांगावं लागतं." ती सून म्हणजे माझी लेक. मी समोर बसलेली असते, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

परवा मला हयातीचा दाखला हवा होता. तो बँकेत दिला नाही तर मालकांच्या मागं मिळणारी माझी पेन्शन बंद, आणि परवाच शेवटचा दिवस. मी स्वतः जाऊन उभी राहिले तरी बँकेला पटत नाही, कागदच लागतो. दुसऱ्या दुकानात गेले असते, पण मग लेकीला महिनाभर ऐकावं लागलं असतं.

व्याह्यांनी हुकूम दिला. पडद्यावर उमटलं, 'प्रिंटर ऑफलाइन'. आमच्याकडं लाइन म्हणजे वीज. त्यांनी तडक लाइनमनला फोन लावला.

"अहो, पंखा फिरतोय की," मी म्हटलं.

"पंख्याची लाइन येगळी आसंल. तुमाला न्हाई कळायचं."

लाइनमन कमरेला पक्कड लावून आला आणि पडदा बघून हसला. "काका, ही लाइन माझी न्हाई, वायफायची हाय. डबी बदलली काय?"

"जुनी जळाली. काल नवी बसवली."

"मग तिचं नाव बी नवं. प्रिंटर जुन्याच नावाला हाका मारतोय. त्याला नवं नाव शिकवा."

शिकवायचं बटन व्याह्यांनी दाबून दाबून कधीच आत घातलं होतं.

"मग डबीलाच जुनं नाव देऊ, पासवर्ड बी जुनाच. काय व्हतं नाव?" लाइनमननं विचारलं.

व्याही प्रिंटरवरची धूळ पुसायला लागले. धूळ पुसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"बोला की, काका."

"सांगतो की बे." माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "कौसाबाई."

कौसाबाई म्हणजे माझी विहीण. दोन वर्षांमागं गेली. तिचं माझं कधी पटलं नाही. लग्नात मी दिलेली साडी तिनं शेवटपर्यंत नेसली नाही. ती होती तेव्हा 'अगं ए' यापलीकडं या घरात तिला नाव नव्हतं.

लाइनमननं मोबाइलवर नाव बदललं. पासवर्ड मात्र व्याह्यांनी स्वतः टाकला, हाताचा आडोसा करून. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग प्रिंटर खरखरला आणि त्यांनी जितक्यांदा हुकूम दिला होता तितके कागद बाहेर आले. नऊ वेळा मी जिवंत.

"लागली," मोबाइलकडं बघत व्याही म्हणाले. "कौसाबाई लागली."

जिवंतपणी नाही ती मेल्यावर कामाला आली, असं माझ्या अगदी ओठावर होतं. ते मी गिळलं. लाइनमन गेला. बँक बंद व्हायला अजून तासभर होता. घातलेल्या चपला मी काढल्या आणि आत लेकीला चहा टाकायला सांगितलं. दोघांचा.